सूचनापेटी काढा, आधी एका खाटेपुरतं करून पाहा

वृद्धसेवा केंद्राची इन्चार्ज म्हणून मी रुजू झाले, तेव्हा दाराजवळ एक कुलूपबंद सूचनापेटी होती. किल्ली सापडेना, शेवटी कुलूप तोडलं. आत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘सात नंबरच्या आजींची बेल उजवीकडे आहे. त्यांचा उजवा हात चालत नाही.’ मी तशीच खोलीत गेले. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेल्या आजी, आणि बेल उजव्या कठड्याला बांधलेली. डावीकडे घ्यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चिठ्ठीवर दीड वर्षापूर्वीची तारीख होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पेटी काढा आणि जिथे ड्युटीचा हँडओव्हर होतो तिथे फळा लावा. त्यावर तीन रकाने पुरतात. अडचण काय, आपण काय करून पाहतोय, काय झालं. लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला आठवड्याच्या आत उत्तर द्या. ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणा. नकार माणसं पचवतात, पण उत्तरच आलं नाही की पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

‘नवीन कल्पना सांगा’ असं मात्र विचारू नका. सगळे खाली बघतात. त्याऐवजी विचारा, ‘काल कशासाठी दोनदा हेलपाटा पडला?’ किंवा ‘कुठे जुगाड करून वेळ मारून नेली?’ कुणी कपाटाच्या मुठीला बँडेजची पट्टी बांधून दार अडवलेलं असतं, कुणी तळहातावर औषधाच्या वेळा लिहिलेल्या असतात. जिथे जुगाड आहे तिथे व्यवस्थेत भोक आहे, आणि ते बुजवायची निम्मी युक्ती त्या माणसाला आधीच सुचलेली असते.

बैठकीत बोलण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसून कागदावर लिहू द्या. डील आणि स्ट्रोब या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिलं की गटात बसून सुचवण्यापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना निघतात. आपली पाळी येईपर्यंत थांबण्यातच बरंचसं हरवतं. नंतर वाचताना सर्वात नव्या मावशींपासून सुरुवात करा. डॉक्टर आणि इन्चार्ज शेवटी. आम्ही आधी बोललो की बाकीचे आमचीच री ओढतात.

आता मुख्य गोष्ट. कल्पना आवडली तरी ती सगळीकडे लागू करू नका. एक खाट, एक रात्र. सुधारणेच्या कामात याला पीडीएसए म्हणतात: ठरवा, करा, तपासा, मग पुढचं पाऊल. आमच्या एका आजी रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडल्या. रात्रपाळीच्या मावशींनी नीट पाहिलं, तर आजी उतरताना पायानं चपला चाचपायच्या, त्या पलंगाखाली सरकायच्या आणि त्या शोधायला वाकताना तोल जायचा. मावशी म्हणाल्या, ‘ताई, चपलांची जागा आखून देऊ या.’ जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा चौकोन आखला, फक्त त्या एका पलंगाशी. दुसऱ्या रात्री आजींनी चपला बरोबर तिथेच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टीची एक कड उचललेली दिसली, म्हणजे अडखळायची नवीनच सोय! पट्टी काढून तिथेच रंगानं चौकोन रंगवला. तीस पलंगांशी एकदम पट्ट्या मारल्या असत्या, तर ती एक कड कुणाच्या नजरेला पडली असती?

काही गोष्टींवर प्रयोग नाहीत: औषधाची मात्रा, जंतुसंसर्गाचे नियम, आणि ज्याच्यावर करायचं त्याची संमती. ही रेघ पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. हद्द माहीत असली की माणसं तिच्या आत मोकळी होतात.

चुका सांगण्याचंही तसंच. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुकांच्या नोंदी जास्त सापडल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथली माणसं चुका न घाबरता बोलून दाखवत होती. म्हणून चूक सांगणाऱ्याला पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंत’ हेच म्हणा. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न त्या दिवशी नको.

वेळेबद्दल मी आग्रही आहे. थ्रीएम कंपनीत कर्मचाऱ्यांना कामाचा पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरायची मुभा आहे. सेवाकार्यात तेवढं जमणार नाही, पण आठवड्याला अर्धा तास ड्युटीतच द्या, आणि त्या अर्ध्या तासात बेल ऐकायला दुसरं माणूस उभं करा. गरज पडल्यास स्वतः उभ्या राहा. पाळी संपल्यावर दमलेल्या माणसाला थांबवून घेऊ नका.

आणि फळ्याचा खडू आजी-आजोबांच्याही हातात द्या. या आठवड्यात एका आजोबांनी थरथरत्या अक्षरात लिहिलंय, ‘रात्री दिवा लावण्याआधी हाक मारा, दचकायला होतं.’ आज रात्री तीन नंबरच्या खोलीत आधी हाक, मग दिवा. सकाळी आजोबांनाच विचारून तिसरा रकाना भरायचाय.