दाणे-काजू वर्ज्य असताना सुदानचा किसरा: खेड्यात राहून जगाची चव कशी घ्यावी

मला शेंगदाणा आणि काजू चालत नाही, लहानपणापासून. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ही सोपी गोष्ट नाही. साबुदाण्याच्या उसळीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पाहुण्यापुढच्या चिवड्यात दाणे. तरी मी सुदानचे, केनियाचे, कोरियाचे पदार्थ माझ्या चुलीवर करून खाते. ॲलर्जी आहे म्हणून माणसानं जन्मभर वरण-भातावर राहावं, हे मला मान्य नाही. त्यासाठी काही पथ्यं मात्र पाळावी लागतात.

आधी एक अट. खाण्यामुळे ज्यांना कधी दम लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर येऊन पडायला झालं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नव्या पदार्थाच्या वाटेला जाऊ नये. नेमकं काय चालत नाही हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीतून कळतं, पण नुसत्या कागदावर विसंबू नका. आधी काय खाल्लं, किती वेळानं काय झालं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आणि ज्या जिनसेची ॲलर्जी आहे ती “बघू थोडीशी खाऊन” म्हणत घरी कधीच तपासायची नाही. ती तपासणी दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेसमोर होते.

आता पदार्थ कसा निवडायचा. परक्या नावाची भीती वाटते, पण धोका बहुतेक वेळा आपल्या ओळखीच्याच जिनसेत लपलेला असतो, आणि तोही भाकरीत कमी, कालवणात जास्त. म्हणून जे धान्य आपण वर्षानुवर्षं पचवलं आहे, त्याचाच दुसऱ्या देशातला पदार्थ आधी करा. आपल्याकडे ज्वारी आहे, तर सुदानचा किसरा घ्या. ज्वारीचं पीठ पाण्यात सैल कालवायचं, शक्य असेल तर आधीच्या पिठातलं थोडं आंबलेलं त्यात घालायचं आणि झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात रातभरात आंबतं, थंडीत पूर्ण दिवस लागतो. मग पाणी घालून धिरड्यापेक्षा पातळ करायचं आणि तापल्या तव्यावर तेलाचं बोट फिरवून अगदी पातळ पसरायचं. तिकडे पसरायला ताडाच्या पानाचा तुकडा वापरतात, मी वाटीचं बूड वापरते. उलटायची गरज नाही, कडा सुटल्या की झालं. पहिले दोन-तीन तुटतात, ते तसेच खावे. चव आंबूस, लुसलुशीत. सोबत सुदानी लोक वाळवलेल्या भेंडीची पूड घालून दाट केलेलं कालवण खातात. भेंडी आपल्याकडेही वाळवता येते, त्यामुळे तेही जमतं.

पण त्याच सुदानी जेवणात वांग्याची एक कोशिंबीर असते आणि तिच्यात शेंगदाण्याचं लोणी घालतात. ताट एकच, भाकरी माझ्यासाठी बिनधोक, कोशिंबीर मात्र घातक. म्हणून नुसतं पदार्थाचं नाव विचारून भागत नाही, कालवणात आणि चटणीत काय आहे ते विचारा. इंडोनेशियाचं गाडो-गाडो (उकडलेल्या भाज्यांची कोशिंबीर) आणि साते म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबरची चटणी, पश्चिम आफ्रिकेचा माफे रस्सा, थायलंडचं पॅड थाय, चिनी कुंग पाओ, सगळ्यांत दाणे असतात. मेक्सिकोच्या मोले रश्श्यात दाणे, बदाम, तीळ काहीही असू शकतं. हुमूस म्हणजे काबुली चण्याच्या वाटणात ताहिनी, म्हणजे वाटलेले तीळ, असते. कोरियाच्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीत, बऱ्याचदा खारवलेले बारीक झिंगे घालतात, आणि सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर सहसा गहूही असतो. सातेच्या चटणीत मी दाण्यांऐवजी भाजलेल्या जवसाची पूड घालते. दाण्याची चव येत नाही, दाटपणा येतो, आणि जवस मी लहानपणापासून खात आले आहे.

सध्या गावातल्या पोरींना दुबई चॉकलेट पाहिजे असतं. त्यात पिस्ता असतो, पुष्कळदा ताहिनीही. काजूची ॲलर्जी असलेल्यांना पिस्ताही बहुधा चालत नाही, दोन्ही एकाच कुळातले. त्याच कुळात आपला बिबा आहे, म्हणजे गोडंबी आली, आणि जंगलातली चारोळीही. पिकलेला आंबा त्याच कुळातला असूनही सहसा त्रास देत नाही, पण बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी आणि सणाच्या गोडातली चारोळी डॉक्टरांना विचारूनच खावी. तसंच, ज्यांना झिंगे चालत नाहीत त्यांनी रातकिड्यांचं पीठ, आणि गडचिरोलीकडची लाल मुंग्यांची चटणीसुद्धा, टाळावी. झिंग्यातलं जे प्रथिन बाधतं, त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन किड्यांतही असतं.

पाकीट घेताना पूर्ण यादी वाचा. भारतात ॲलर्जीच्या जिनसा वेगळ्या ओळीत छापणं बंधनकारक आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदामासारखी टणक फळं, सोयाबीन, सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन). तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. युरोपच्या 14 जिनसांत दोन्ही आहेत, अमेरिकेनं तीळ 2023 पासून घेतला. म्हणजे तीळ चालत नसेल तर आपल्याकडच्या पाकिटावरच्या त्या एका ओळीवर थांबू नका. तेलाचंही बघा. घाण्याच्या दाणातेलात प्रथिनाचा अंश राहतो, रिफाइंडमध्ये तो जवळपास नसतो. मी दोन्ही घेत नाही.

घरी पाटा-वरवंटा वेगळा ठेवा. दाण्याची चटणी वाटलेल्या दगडाच्या खाचा कितीही धुतल्या तरी मला भरवसा वाटत नाही. गहू किंवा सोयाबीन चालत नसेल तर चक्कीवाल्या दादांना सांगून सकाळी सगळ्यात पहिलं दळण आपलं लावा, आणि आधी थोडी ज्वारी दळून ते पीठ ढोरांना द्या.

पहिली चव कधी घ्यायची, यावर मी फार काटेकोर आहे. सकाळी घ्यायची. घरात गाडी चालवणारं माणूस पाहिजे. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल त्या दिवशी नाही. ताप असताना किंवा दुखण्याची गोळी घेतली असताना नाही. खाऊन लगेच कापूस वेचायला जाऊ नये, कारण अंगमेहनतीनं रिॲक्शन वाढू शकते. एका वेळी एकच नवी जिनस, चमचाभर, मग थांबायचं.

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे “पित्त उठलं” म्हणतात आणि गेरू लावतात. नव्या खाण्यानंतर गांधींबरोबर ओकारी, घसा आवळणं, दम लागणं किंवा गरगरणं यातलं काही सुरू झालं तर गेरू नाही, सेट्रिझिनची ॲलर्जीवरची गोळीही पुरेशी नाही. लागतं ते ॲड्रेनालीनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लवकरात लवकर. 108 ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसवा, चालवू नका. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आहे का, हे आधीच जाऊन विचारून या. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटून येऊ शकतो.

किसरा अंगी लागला की पुढे केनियाची उगाली करा: 2 वाट्या उकळत्या पाण्यात साधारण 1 वाटी मक्याचं पीठ, लाकडी पळीनं घोटत घट्ट गोळा होईपर्यंत. तिकडे पांढरा मका असतो, आपल्या पिवळ्यानंही होते. सोबत कांदा-टमाटर घालून परतलेली पालेभाजी, तिकडची सुकुमा विकी अशीच साधी असते.