दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निक की आणखी काही: दिवाळीपासूनची तयारी

दहावीचा निकाल लागतो तेव्हा आपल्याकडे वावराची घाई सुरू झालेली असते. वऱ्हाडात कापूस-सोयाबीनची पेरणी तोंडावर आलेली, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाचे पऱ्हे टाकायचे. घरातला मोठा माणूस तहसीलच्या रांगेत उभा राहायला मोकळा नसतो, आणि आयटीआयचे अर्ज नेमके तेव्हाच भरायचे असतात. दरवर्षी दहावीचा वर्ग हातात असतो म्हणून मी पालकांना कळकळीने सांगते, ही तयारी दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्या. कागद आधी जमवा आणि काम आधी डोळ्यांनी बघा. अर्ज भरणं त्यानंतरचं, आणि त्यात फार वेळ जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जातीचा दाखला. त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा चालतो. पण अनेक घरांत आजोबांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नसतं. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागायची. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात आणि नावापुढे जातही लिहिलेली असते. नक्कल मागताना गावाचं नाव, पणजोबाचं नाव आणि अंदाजे साल सांगावं लागतं. ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवा. पणजोबाची नोंद सापडली की त्यांच्यापासून मुलापर्यंतची वंशावळ जोडावी लागते आणि प्रत्येक पिढीचा दुवा कागदावर दिसावा लागतो. थोरल्या भावाचा किंवा चुलत्याचा दाखला आधी निघालेला असेल तर अर्धं काम झालंच समजा. त्याची फाइल मागून घ्या.

उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, ज्यांना लागतो त्यांचं नॉन-क्रीमीलेअर, ही कामं आपले सरकार केंद्रातून होतात. नॉन-क्रीमीलेअरवर मुदत छापलेली असते, ती वाचा. संपत आली असेल तर निकालाची वाट न पाहता नवीन काढा.

नावाकडे विशेष लक्ष द्या. शाळेच्या रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच, असं आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेतली चूक मुलगा शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होते, टीसी हातात पडल्यावर ते फार जड जातं. म्हणून बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख ही सगळी अक्षरं आधारशी ताडून बघा. मुलाचं किंवा मुलीचं स्वतःचं बँक खातं उघडा आणि ते आधारशी जोडा. महाडीबीटीची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. अर्जात मोबाइल नंबरही घरातलाच, रिचार्ज बंद न पडणारा द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर दिला तर कुठली जागा मिळाली याचा निरोप तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आता डोळ्यांनी बघायचं काम. मला हा भाग कागदांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण ट्रेड, म्हणजे आयटीआयमध्ये शिकायचं काम, निवडताना पोरं मित्राकडे बघून निवडतात आणि त्या कामात दिवसभर काय करावं लागतं हे त्यांना ठाऊक नसतं. रब्बीच्या दिवसांत, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असताना, तालुक्याच्या एखाद्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात परवानगी घेऊन दिवसभर बसा. व्होल्टेज कमी असलं किंवा एक फेज गेला की मोटर जळते, आणि कास्तकार ती घेऊन सकाळीच दारात हजर असतो. कारागीर मोटर उघडतो. जळालेली गुंडाळी काढण्याआधी तिचे वेढे मोजतो, तारेचा गेज मापतो आणि लिहून ठेवतो, कारण नवीन गुंडाळी तंतोतंत तशीच बसली पाहिजे. खाचांमध्ये इन्सुलेशनचा कागद सरकवतो, तार भरतो, जोड देतो आणि शेवटी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघतो. हे सगळं मान खाली घालून, न कंटाळता. तुम्हाला तिथे दुपारपर्यंत बसता आलं आणि पुढचं वेटोळं कसं भरतात हे बघावंसं वाटलं, तर वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्री म्हणजे वायरमन तुमच्यासाठी आहे. जीव उबगला तर तेही आत्ताच कळलं, हे चांगलंच झालं.

असंच ट्रॅक्टरच्या गॅरेजात जा, वेल्डिंगच्या दुकानात जा. यवतमाळ, वर्धा, वणी, हिंगणघाटच्या बाजूला कापसाच्या हंगामात जिनिंग सुरू असतं, तिथला फिटर काय करतो ते बघा. गोंदिया-भंडाऱ्यात राइस मिल आहेतच. गावात सौर पंप बसवायला माणसं आली तर त्यांच्यासोबत वावरात जाऊन उभे राहा. सरकारी योजनांतून हे पंप गावोगाव बसताहेत आणि त्यांची देखभाल करणारं माणूस जवळपास लागणारच आहे. प्रत्येक ठिकाणी कारागिराला नमस्कार करून तीन गोष्टी विचारा: काम कुठे शिकलात, हंगाम नसताना काय करता, आणि पुन्हा शिकायला मिळालं तर काय शिकाल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.

मग ट्रेडची माहिती. वीजतंत्री, जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, यंत्र कारागीर म्हणजे मशिनिस्ट आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे. संधाता म्हणजे वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, शिवणकाम हे एका वर्षाचे. आयटीआयसाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. दहावीत राहिलेल्यांनीही घरी बसू नये. तारतंत्री, संधाता, सुतारकाम अशा ट्रेडना त्यांनाही प्रवेश आहे. विजेच्या कामाकडे जायचं असेल तर रंग नीट ओळखू येतात का हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. आणि मुलींच्या पालकांना माझं मनापासून सांगणं आहे, शिवणकाम वाईट नाही, पण तिला विचारल्याशिवाय तेच भरू नका. मुलींसाठी प्रत्येक ट्रेडला राखीव जागा असतात. वीजतंत्री, कोपा, ड्राफ्ट्समन या कामांत मुली उत्तम तयार होतात. नागपूर आणि अमरावतीला मुलींचं वेगळं शासकीय आयटीआयसुद्धा आहे.

गणित-विज्ञानात गती असेल तर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा बघा. ब्रह्मपुरी, साकोली, खामगाव अशा गावांतही शासकीय पॉलिटेक्निक आहे, त्यासाठी नागपूरच गाठायला हवं असं नाही. दोन वर्षांचा ट्रेड करून नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाटही उघडी आहे. शेतीतच राहायचं ठरवलं असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाअंतर्गत दहावीनंतरचा कृषी पदविका अभ्यासक्रम आहे. विद्यापीठाची शिवार फेरी, म्हणजे तिथल्या शेतांतली पिकं बघायचा कार्यक्रम, असते तेव्हा वडिलांसोबत जाऊन या. जंगलपट्ट्यातल्या मुलांनी चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र जरूर बघावं. बांबूचं काम टोपली-सुपापुरतं नाही हे तिथे कळतं.

मार्चमध्ये परीक्षा संपली की एप्रिलच्या मोकळ्या दिवसांत ज्या आयटीआयचा विचार आहे तिथे प्रत्यक्ष जा. ऑफिसात न थांबता वर्कशॉप बघा. लेथ चालू आहे की धूळ खात आहे? वेल्डिंगच्या बूथमध्ये आज कोणी काम केल्याच्या खुणा आहेत का? निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांची, पदं भरलेली आहेत का, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली? खाजगी संस्था असेल तर त्या ट्रेडला संलग्नता आहे का आणि शेवटी कुठलं प्रमाणपत्र मिळेल हे लेखी बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. हमखास नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला मूळ गुणपत्रिका कधीही देऊ नका.

अर्ज ऑनलाइन असतो, पण मूळ कागद आयटीआयमध्ये तपासून तो निश्चित करावा लागतो. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही. पसंतीक्रम भरताना घाई नको. पहिल्या क्रमांकावर टाकलेली जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्या हातच्या जातात. म्हणून पहिल्या नंबरवर तेच टाका जे मिळालं तर तुम्ही खरंच जाल. संस्था किती लांब आहे, सकाळची एसटी किती वाजता निघते, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो का, हे घरात बसून कागदावर मांडा आणि मगच क्रम लावा. पासवर्ड वहीत लिहा.

पुढचंही थोडं बघून ठेवा. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, करायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. 1961 च्या कायद्यानुसार ती चालते, आणि 30 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दरमहा विद्यावेतन मिळतं. आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीज केंद्रं, वेस्टर्न कोलफिल्ड्स, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध निर्माण कारखाने, रेल्वे, एसटीच्या कार्यशाळा, बुटीबोरीच्या कंपन्या, इतक्या जागा आहेत. उमेदवारी संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल असा शब्द कोणी देत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. पण मोठ्या यंत्रावर हात बसतो, आणि त्याची किंमत पुढे कुठेही मिळते.

प्रवेश झाला की त्याच आठवड्यात वसतिगृहाचा अर्ज टाका. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत जागा मोजक्या असतात. रोज जाऊन-येऊन करणाऱ्यांनी बोनाफाइड घेऊन आगारातून सवलतीचा पास काढावा. वर्कशॉपसाठी जाड तळव्याचे बूट आणि बॉयलर सूट लागतो, त्याचे पैसे बाजूला ठेवा. सगळ्या मूळ कागदांच्या पाच-सहा झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइलमध्ये प्रत्येकाचा स्वच्छ फोटो घेऊन तो घरातल्या आणखी एका फोनवर पाठवून द्या.