पॅकमन बेडूक खात नसेल किंवा पोट साफ होत नसेल तर काय करावे

पॅकमन बेडूक समोर हलणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतो. त्यामुळे त्याने चिमट्यातल्या रातकिड्याकडे पाठ फिरवली की पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग घाईघाईने जबडा उघडून घास कोंबला जातो. हे अजिबात करू नका. बेडकाची पचनशक्ती आजूबाजूच्या तापमानावर चालते. पेटी थंड असेल तर कोंबलेला घास पचत नाही, पोटातच सडतो आणि साधी मंदावलेली भूक खऱ्या आजारात बदलते. म्हणून आधी पेटी तपासायची, मग बेडूक, आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी.

इथली मापे क्रॅनवेलचा शिंगवाला बेडूक आणि त्याचा भाऊबंद ऑर्नेट शिंगवाला बेडूक या दोघांसाठी आहेत. दुकानात पॅकमन म्हणून मुख्यतः हेच मिळतात. झाडावरच्या बेडकांना यातले बरेच लागू पडते, पण तापमान आणि जमिनीतला ओलावा त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा लागतो.

आधी ठरवा: काळजीचे कारण आहे का?

पूर्ण वाढलेला पॅकमन ७ ते १० दिवसांतून एकदाच खातो. त्याने दोन-तीन आठवडे खाल्ले नाही पण वजन टिकून असेल तर धावपळीची गरज नाही. नवीन घरी आणलेला बेडूक पहिला आठवडा-दीड आठवडा उपाशी राहतो, हेही नेहमीचेच. पिल्लाचे तसे नाही. ते एक-दोन दिवसांआड खाणारे असते. त्याने आठवडाभर तोंड लावले नाही तर लगेच लक्ष घाला.

निर्णय डोळ्यांवर सोडू नका, वजन करा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू ठेवा, डब्यासकट काटा शून्यावर आणा आणि मग बेडूक आत ठेवा. बेडूक मूत्राशयात बरेच पाणी साठवतो आणि हाताळताना ते सोडतोही. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करून लिहून ठेवा. १०० ग्रॅमचा बेडूक उतरत उतरत ९० ग्रॅमवर आला, तर पशुवैद्याला दाखवायची वेळ झाली.

आणखी एका गोष्टीने नवे पाळणारे घाबरतात. बेडूक अंग फुगवतो, जांभया दिल्यासारखे तोंड उघडतो, पाय अंगावरून फिरवतो आणि काहीतरी गिळतो. तो कात टाकत असतो आणि तीच कात खात असतो. त्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी तो अन्न नाकारतो. मात्र कात रोजच निघत असेल, तुकड्या-तुकड्यांनी अंगाला चिकटून राहत असेल आणि भूकही गेली असेल, तर कायट्रिड या बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या बुरशीची तपासणी करून घ्यावी.

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा: मागच्या द्वारातून लाल-गुलाबी मांस बाहेर आले आहे, अंग एका-दोन दिवसांत पाणी भरल्यासारखे फुगले आहे, मांड्यांच्या आतली बाजू व पोट लालसर झाले आहे, पाय ताठ होऊन झटके येत आहेत, किंवा उताणा केल्यावर बेडूक सरळ होत नाही.

पेटी तपासा

भूक जाण्याचे सर्वांत मोठे कारण थंडी. तापमान काचेवर चिकटवलेल्या पट्टीवरून मोजू नका. सेन्सर वायरच्या टोकाला असलेला थर्मामीटर घ्या आणि तो सेन्सर बेडूक बसतो तिथे, मातीच्या पातळीला ठेवा. दिवसा २५ ते २८ अंश आणि रात्री २२ ते २४ अंश सेल्सियस हवे. २० च्या खाली पचन जवळजवळ थांबते. पुणे-नाशिककडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घरातली पेटी सहज याखाली जाते.

गरम करण्यासाठी हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) पेटीच्या बाजूच्या काचेला लावा आणि तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडा. पेटीखाली लावू नका. उष्णता वाढली की हा बेडूक खाली उकरत जातो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. मॅट खाली असेल तर तो चटक्याच्या जवळ जातो आणि पोटाची कातडी भाजते. उलट विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न ३० च्या वर जाण्याचा असतो. तेव्हा मॅट बंद करा, पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा आणि तापमान उतरेपर्यंत खायला देऊ नका.

दुसरे कारण कोरडेपणा. क्रॅनवेलचा बेडूक दक्षिण अमेरिकेतल्या ग्रान चाको या प्रदेशातला आहे. तिथे पावसाळा आणि कोरडा काळ स्पष्ट वेगळे असतात. पाणी आटले की तो जमिनीत जातो, कातडीच्या थरांचा कोष अंगाभोवती तयार करतो आणि पाऊस येईपर्यंत उपाशी पडून राहतो. पेटीतला बेडूक खोल गाडला जाऊन कोरड्या कागदासारख्या कातडीत गुंडाळलेला दिसला, तर त्याने पेटीतल्या कोरडेपणालाच कोरडा ऋतू मानले आहे. कोष ओढून काढू नका. कोमट पाण्यात बसवले की तो सुटतो.

ओलावा असा तपासा: पेटीत माती म्हणून घातलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मूठभर घेऊन दाबा. गोळा टिकला आणि एखाद-दुसराच थेंब पडला, तर प्रमाण बरोबर आहे. थर ८ ते १० सेंटिमीटरचा ठेवा. एसीच्या खोलीत वरचा थर एका रात्रीत सुकतो, तिथे रोज फवारणी करावी लागते. नर्सरीतून कोकोपीट घेताना खत मिसळलेले नाही ना हे विचारा, आणि तरीही दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. म्हणजे माती सुकली की शरीर सुकते, आणि आतड्यातली शीही सुकते. बद्धकोष्ठाची सुरुवात अनेकदा इथे असते.

कातडीतून पाणी जाते तसे विषही जाते. शी-लघवी साचून माती खराब झाली की अमोनिया तयार होतो. बेडूक आपले बीळ सोडून काचेवर धडका देतो, पाय ताणतो, खात नाही. अशा वेळी त्याला लगेच स्वच्छ पाण्याच्या उथळ डब्यात ठेवा, पाणी दर अर्ध्या तासाने दोन-तीनदा बदला आणि माती पूर्ण टाकून द्या. शी दिसेल तेव्हा उचलायची आणि सगळे कोकोपीट ३-४ आठवड्यांनी बदलायचे, एवढे पाळले तर ही वेळ येत नाही.

पाणी नळाचे वापरा, पण क्लोरीन काढून. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला, मात्र रंग किंवा माशांचे औषध मिसळलेले नको. आरओचे पाणी शुद्ध म्हणून चांगले, असे वाटते. पण त्यात क्षार नसतात, आणि सतत तेच दिले तर बेडकाच्या शरीरातला क्षारांचा समतोल बिघडू शकतो.

काय आणि कसे देता ते पाहा

किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. मोठे भक्ष्य तो गिळतो खरा, पण नंतर ओकतो किंवा ते आतड्यात अडकते. मुख्य आहार रातकिडे, डुबिया झुरळे आणि गांडुळे यांचा ठेवा. मीलवर्म या भुंग्याच्या अळीचे कवच कडक असते, ते रोजचे अन्न नव्हे. उंदराची पिल्ले वारंवार दिली तर बेडूक लठ्ठ होतो आणि डोळ्यांवर चरबीचे पांढरे डाग येऊ शकतात. खिमा, पनीर, भात हे त्याचे अन्नच नाही. स्वयंपाकघरातले झुरळ तर मुळीच नको. त्याने कुठले कीटकनाशक चाटले आहे हे कोणाला ठाऊक?

गांडूळ देताना जात बघा. गांडूळखताच्या वाफ्यातला लालसर, पिवळे पट्टे असलेला आयसेनिया फेटिडा घाण वासाचा द्रव सोडतो. अनेक बेडूक तो तोंडात घेऊन थुंकतात आणि पुढचे काही दिवस गांडुळाकडे बघतही नाहीत. याला भूक गेली असे समजले जाते.

अन्न संध्याकाळनंतर, मंद उजेडात द्या. टोकाला रबर असलेला लांब चिमटा वापरा. धातूच्या टोकावर झडप घालून जबडा दुखावतो. किडा तोंडासमोर ५-७ सेंटिमीटरवर हळू हलवा. दहा मिनिटांत घेतला नाही तर काढून घ्या आणि तीन-चार दिवस पुन्हा विचारू नका. रोज विचारल्याने बेडूक अधिक बिथरतो. रातकिडे पेटीत मोकळे सोडून झोपू नका, ते बेडकाला चावतात.

बेडूक झेपावतो पण नेम चुकतो, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही किंवा चिकटत नाही, असे दिसले तर भूक शाबूत आहे. इथे जीवनसत्त्व अ कमी पडल्याची शंका घ्यावी. गाजरातले बीटा-कॅरोटीन अनेक बेडकांना नीट वापरता येत नाही, म्हणून रेटिनॉल, म्हणजे तयार स्वरूपातले जीवनसत्त्व अ, असलेली बेडकांची मल्टिव्हिटॅमिन पावडर लागते. माणसांची कॅप्सूल फोडून देऊ नका, जास्त झाल्यास हे जीवनसत्त्व विषारी ठरते. जबडा मऊ, वाकडा वाटत असेल, बोटे थरथरत असतील, तर कॅल्शियमची कमतरता असू शकते, आणि त्यानेही आतडे सुस्त होते. बचाव सोपा आहे: पिल्लांना जवळपास प्रत्येक जेवणाला कॅल्शियम-डी३ पावडर भुरभुरा, मोठ्यांना एक जेवण सोडून, मल्टिव्हिटॅमिन पिल्लांना आठवड्यातून एकदा, मोठ्यांना महिन्यातून दोनदा. किड्यांनाही आधी एक-दोन दिवस पालेभाजी, भोपळा खाऊ घाला.

पोट साफ होत नसेल तर

मोठा बेडूक आठवडा-दोन आठवड्यांनी एकदा शी करतो आणि ती आकाराने चांगलीच मोठी, काळपट, ओलसर असते. खाणे चालू आहे, शी नाही, पोट एका बाजूला टणक लागते आणि बेडूक मरगळला आहे, असे असेल तर आतड्यात काहीतरी अडकले असावे. खडे, लाकडाच्या ढलप्या आणि मॉसचे लांब धागे हे नेहमीचे गुन्हेगार. झडप घालताना ते किड्याबरोबर तोंडात जातात.

१. खाणे पूर्ण थांबवा आणि पेटी २७-२८ अंशांवर आणा.

२. झाकणाला भोके असलेल्या डब्यात क्लोरीन काढलेले २६ ते २८ अंशांचे पाणी घ्या. हाताला ते जेमतेम कोमट लागते. थर्मामीटरनेच मोजा.

३. पाणी बसलेल्या बेडकाच्या हनुवटीखाली राहील इतकेच भरा. पॅकमन पट्टीचा पोहणारा नाही, खोल पाण्यात तो बुडतो.

४. २० मिनिटे बसू द्या. पाणी गार झाले तर बदला. शी झाली की बेडूक लगेच बाहेर काढा, नाहीतर तेच पाणी कातडीतून आत जाते.

५. दिवसातून एकदा, असे ३ ते ५ दिवस करा. पोट दाबू नका, चोळू नका.

एवढ्याने मार्ग मोकळा झाला नाही तर एक्स-रे लागतो. एरंडेल, इसबगोल, ग्राइप वॉटर यांतले काही देऊ नका. इसबगोल पाणी ओढून फुगते आणि अडथळा वाढवते. तेल श्वासनलिकेत जाऊ शकते.

शी झाल्यावर पहिले जेवण अगदी हलके: एक-दोन लहान रातकिडे किंवा गांडुळाचा तुकडा. पुढचे जेवण पुन्हा शी झाल्यावरच.

शी पातळ, चिकट, रक्ताचा अंश असलेली किंवा किडे न पचता तसेच पडलेले दिसले, तर परजीवींची तपासणी करा. शक्यतो काही तासांतला ताजा नमुना ओल्या टिश्यूसह स्वच्छ डबीत न्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. जंताचे औषध अंदाजाने देऊ नका. बेडकाचा डोस वजनावर ठरतो आणि थोड्या चुकीने जीव जातो.

मागच्या द्वारातून मांस बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. बेडकाला माती नसलेल्या, स्वच्छ ओल्या टिश्यूच्या डब्यात ठेवा आणि तो भाग पाण्याने ओला राखत न्या. सुकला तर तो मरतो. डब्यात बर्फ नको, गाडीत उन्हात ठेवणे नको. दवाखाना निवडताना सरपटणारे प्राणी व उभयचर पाहणारा पशुवैद्य आहे का, हे फोनवरच विचारा.

बेडूक हाताळताना पावडर नसलेले ओले हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, साल्मोनेलाचा धोका असतो. आजारी बेडकाचे पाणी बागेत, ओढ्यात किंवा उघड्या गटारात टाकू नका. कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांतही आढळली आहे. अशा पाण्यात एक दशांश भाग घरगुती ब्लीच मिसळा, अर्धा तास ठेवा आणि शौचालयात ओता. जुने कोकोपीट कुंडीत न घालता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. डबा व पेटी त्याच ब्लीचच्या पाण्याने पुसा, भरपूर पाण्याने धुवा, शेवटचे पाणी अँटीक्लोरीन घातलेले वापरा आणि पूर्ण सुकल्यावरच बेडूक परत ठेवा.