मरायच्या आधी वारसनोंद बघा: क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये राजपद टिकवायचं कसं

परवा रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन. "काका, म्हातारा गेला." मी ताडकन उठून बसलो. घरात पंच्याऐंशीचे आजोबा आहेत, त्यांच्या खोलीत डोकावून आलो. ते मजेत घोरत होते. गेला होता तो 'क्रुसेडर किंग्ज ३' या संगणकावरच्या खेळातला, आयर्लंडमधल्या मन्स्टरचा मुरखाद. (नावावर एकदाच हसून घ्या, पुढे तो बऱ्याचदा येणार आहे.) तीस वर्षं लढून आयर्लंडचा अर्ध्याहून जास्त मुलूख पुतण्याने जमवला होता. म्हाताऱ्याने डोळे मिटताच तो तीन पोरांत वाटला गेला. थोरल्याकडे (राजा मेला की पुढे त्याच्याच रूपाने खेळायचं) मन्स्टर राहिलं आणि लेन्स्टर-कॉनाक्टवाले धाकटे दोघे परके झाले. "मी तर एकही लढाई हरलो नव्हतो," पुतण्या म्हणाला.

मी तहसील कचेरीसमोर बसून दस्त लिहितो. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, वारसनोंदीचे अर्ज. सोळा वर्षं झाली. रात्री जेवण उरकलं की हा खेळ. बायको म्हणते, दिवसभर लोकांची भांडणं लिहिता ती पुरत नाहीत का. खरं सांगायचं तर खेळही तोच आहे, फक्त बांधाऐवजी किल्ले.

पुतण्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो. सुरुवात १०६६ सालच्या आयर्लंडमधून समजा, कारण शिकाऊ डाव तिथेच सुरू होतो.

पहिली गोष्ट, पद जमिनीवर उभं असतं. खालून वर बॅरनी, काउंटी, डची, किंगडम, एम्पायर. बॅरन म्हणून खेळता येत नाही, निदान एक काउंटी हवी. मुरखादला खेळ 'पेटी किंग', म्हणजे छोटा राजा, म्हणतो आणि नवखा तिथेच फसतो. नाव राजाचं असलं तरी दर्जा ड्यूकचाच, म्हणजे डचीच्या धन्याचा. आमच्या भागातही पाटील आडनाव असलेला प्रत्येक जण गावचा पाटील नसतो.

दुसरी गोष्ट, हक्क वेगळा आणि ताबा वेगळा. प्रत्येक काउंटी कायद्याने कुठल्या तरी डचीत मोडते, डची कुठल्या तरी राज्यात. याला खेळात 'डी ज्युअर' म्हणतात. प्रत्यक्षात ती कोणाच्या हाताखाली आहे हा निराळा प्रश्न. तुम्ही मन्स्टरचे धनी असाल आणि मन्स्टरमधली एखादी काउंटी बाहेरच्याकडे असेल, तर तेवढ्याच कारणावर तिच्यासाठी युद्ध पुकारता येतं. परक्या डचीतली हवी असेल तर आधी दावा लागतो, आणि तो दावा तयार करायच्या कामाला बिशपला लावता येतं. कोऱ्या कागदावर दावा उभा करणारे आमच्याकडेही आहेत, पण त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही. एखादी डची शंभर वर्षं दुसऱ्या राज्याखाली राहिली की नकाशावरची हद्दच सरकते. वहिवाटीने हक्क तयार होतो तसं.

आता हिशोब. नवं ड्यूकपद बनवायला त्या डचीतल्या निम्म्याहून जास्त काउंट्या तुमच्या अमलाखाली हव्यात. सगळ्या स्वतःच्या नावावर असायची गरज नाही, मांडलिकाकडच्याही धरतात. खर्च मुळात २५० सोन्याचा. राजपदाला पुन्हा निम्म्याहून जास्त काउंट्या, हातात किमान दोन डच्या आणि ५०० सोनं. आयर्लंडच्या पाच डच्या: मन्स्टर, लेन्स्टर, कॉनाक्ट, मीथ, अल्स्टर. पुतण्याकडे तीन होत्या आणि तिजोरीत ६४० सोनं होतं. त्याने किल्ल्याची तटबंदी वाढवली, फौज पाळली. राजपदाचं बटण हिरवं होऊन वर्षभर वाट बघत होतं. "नावात काय आहे, जमीन तर माझीच होती," हे त्याचं म्हणणं.

नावातच सगळं होतं. सुरुवातीला बहुतेकांच्या माथी 'कॉन्फेडरेट पार्टिशन' नावाचा वारसा कायदा असतो. त्यात मुलगे सगळे हिस्सेदार. थोरल्याला मुख्य पद आणि राजधानी, बाकीच्यांना उरलेलं सरस-निरस मानाने. म्हातारा ड्यूक म्हणून मेला, हातात तीन डच्या, मुलगे तीन, प्रत्येकाला एकेक. तिन्ही पदं एकाच उंचीची, मग कोण कोणाचं ऐकणार? तेच त्याने आयर्लंडचं राजपद बनवून ठेवलं असतं, तर वाटणी जवळपास हीच झाली असती, पण थोरला राजा झाला असता आणि धाकटे त्याचे मांडलिक. कर आणि सैन्य दोन्ही घरातच राहिलं असतं. म्हणून निम्म्याचा आकडा ओलांडला की त्याच महिन्यात पैसे मोजा. तटबंदी नंतर.

याच्याच उलट बाजूने दुसरा सापळा आहे. राजा झालात, हुरूप आला, समुद्र ओलांडून वेल्समध्ये उतरलात आणि तिथल्याही निम्म्याहून जास्त काउंट्या घेतल्यात. वेल्सचं राजपद तुम्ही बनवलंच नाहीत, म्हणून निर्धास्त. पण हा कायदा न बनवलेलं पदसुद्धा तुमच्या मरणाच्या दिवशी स्वतःच बनवतो आणि दुसऱ्या मुलाच्या हातात देतो. तो स्वतंत्र राजा. माझा पहिला डाव असाच फुटला होता. आता मी दुसऱ्या राज्याच्या बरोबर निम्म्यावर थांबतो, एक काउंटी मुद्दाम सोडून देतो. पुढचा कायदा, नुसतं 'पार्टिशन', आला की ही आपोआप पदं बनायची भानगड मिटते. पण त्यासाठी तुमच्या संस्कृतीला 'हेरेडिटरी रूल' हा शोध लागावा लागतो. त्यानंतर 'हाय पार्टिशन', ज्यात निम्मं तरी थोरल्याकडे राहतं. सगळं एकालाच देणारी थोरलेपणाची पद्धत फार उशिरा, तेराव्या शतकात किंवा त्याच्याही पुढे. तोवर पोरं वाढवायची आणि वाटण्या सोसायच्या.

हे खेळ रचणाऱ्यांनी मनाने बनवलेलं नाही. सम्राट शार्लमेनच्या नातवांनी ८४३ मध्ये वर्दंच्या तहात साम्राज्याचे तीन तुकडे केले. ८६७ चा डाव उघडलात तर ती भाऊबंदकी चालूच असलेली दिसेल. इंग्लंडच्या केंट परगण्यात मुलग्यांना समान वाटा देणारी 'गॅव्हलकाइंड' रीत होती, ती थेट १९२५ च्या कायद्याने बंद झाली. या खेळाच्या आधीच्या भागात वाटणीच्या कायद्याला हेच नाव होतं.

आता उपाय, मी वापरतो त्या क्रमाने. राज्याच्या खिडकीत वारसाचं पान असतं, त्यात आज मेलात तर काय काय हातचं जाईल याची यादी मिळते. दर दोन-तीन वर्षांनी ती वाचा, मुलगा झाला की त्याच दिवशी वाचा. ही वारसनोंद मेल्यावर नव्हे, आधी बघायला मिळते. माझ्या अशिलांना ही सोय असती तर माझं दुकान बंद पडलं असतं. मग राजधानीच्या डचीतल्या चांगल्या काउंट्या स्वतःकडे ठेवा आणि धाकट्यांच्या वाट्यासाठी बाहेरची, दगडधोंड्याची जमीन जिंकून ठेवा. आयरिश असाल तर राजपदाला 'टॅनिस्ट्री' लावता येते, म्हणजे घराण्यातल्यांमधून वारस निवडायचा. मात्र निवड फक्त त्या एका पदाची. खालच्या काउंट्या वाटणीनेच जातात, हे विसरून अनेकांनी बिनजमिनीचा राजा निवडून आणलाय.

हक्कसोडपत्र खेळात नाही. त्याच्या जवळचं म्हणजे मुलाला वारसातून काढणं, त्याला घराण्याची कीर्ती खर्चावी लागते, ती हळूहळू जमते. मुलाला मठात धाडता येतं. मुलींचा प्रश्न मुलगे असले की येतच नाही, कायदाच तसा. आमच्याकडे निदान सही घ्यायला बहिणीला बोलावतात तरी.

बाकी दोन नियम पटकन. स्वतःकडे किती किल्ले-गावं ठेवता येतील याला मर्यादा आहे, कारभाराचं कौशल्य जितकं तितकी ती मोठी. ओलांडलीत तर उत्पन्न आणि सैन्य घटतं. आणि दोनपेक्षा जास्त डच्यांची पदं स्वतःकडे ठेवलीत की मांडलिक कुरकुर करतात. तिसरी कोणाला तरी देऊन टाका. २०२४ च्या 'रोड्स टू पॉवर' विस्तारानंतर जमीन गेली तरी भटका सरदार म्हणून खेळता येतं, पण तो वेगळाच खेळ झाला.

पुतण्याचं पुढे काय झालं? थोरल्याला बापाच्या बाकीच्या पदांवर दावा आपोआप मिळालेला होता. त्याला सांगितलं, युद्ध कर, पण भावाचा खून करू नकोस, 'किन्सलेअर'चा डाग जन्मभर पुसत नाही. काल रात्री पुन्हा फोन. लेन्स्टर परत आलंय, कॉनाक्टही आलंय, राजपद बनवलंय, ५०० सोनं मोजून.

"आणि वारस?" मी विचारलं.

"चार मुलगे, काका. दोघं मठात गेलेत. राणीला पुन्हा दिवस गेलेत."