मिठाच्या पाण्याचा डिमर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवळाच्या उत्सवात पालखी आत गेली की नाटक सुरू व्हायचं, बहुधा मध्यरात्र उलटल्यावर. बारावीच्या सुट्टीत लायटीवाल्या काकांनी मला विंगेत बसवलं आणि पहिलं काम दिलं ते दिवे पुसायचं. प्रकाशयोजनेत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तिथूनच सुरुवात करावी, असं मला आजही वाटतं.

पुसता पुसता नावं कळली. बेबी म्हणजे ५०० वॉटचा लहान स्पॉट. फ्लडचा उजेड सगळीकडे सांडतो, आवरता येत नाही. फ्रेनेलच्या भिंगावर गोल गोल पायऱ्या असतात, म्हणून कड मऊ पडते. पार नावाच्या दिव्याचा उजेड लांबट पडतो. आतला दिवा मागून फिरवला की तो उजेड आडव्याचा उभा होतो. दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदाला आपण अजून जिलेटीनच म्हणतो. आता तो प्लास्टिकचा असतो, पूर्वी खरोखरच जिलेटीनचा असायचा आणि पाणी लागलं की विरघळायचा. आपल्या पावसाळी हवेत तो सांभाळणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचं साधन. काकांनी तरुणपणी पाण्याचा डिमर चालवला होता. चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी, तळाला धातूची एक पट्टी, दुसरी दोरीला टांगलेली. वीज त्या पाण्यातून दिव्याकडे जायची. वरची पट्टी खाली सोडावी तसा उजेड वाढायचा, ओढून घेतली की मंदावायचा. दिव्यांचे वॉट जास्त तर मीठ जास्त. प्रवेश लांबला की पाणी तापून वाफा यायच्या. हे करून मात्र पाहू नका. पाण्यात चालू वीज असते, हात लागला तर जीव जाईल. पण काकांकडून ते ऐकल्यावर डिमरची दांडी मी कधीच झटक्यात ओढली नाही.

पुढे पणजीत कांपालला कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत मी चांदणं केलं. १००० वॉटच्या दिव्याला निळा कागद, डिमर तिसऱ्या हिश्श्यावर. चांदणं मळकट दिसलं. कारण साधं होतं. डिमर उतरवला की दिव्यातली तार थंडावते आणि उजेड तांबडा होतो. निळा कागद तांबडं अडवतो, आणि निळं त्या उजेडात फारसं उरलेलंच नसतं. एलईडीवर शिकलेल्यांना हे भेटत नाही, म्हणून जुना दिवा हाती आला की आधी कागद न लावता हळूहळू उतरवून त्याचा रंग बघत बसा.

पुढच्या प्रयोगाला मी तिथे बेबी टांगली आणि डिमर पूर्ण ठेवला.