दुधाची बशी ठेवू नका: इंग्लंडच्या गावाकडचे पक्षी-प्राणी बघताना या चुका टाळा

मे महिना लागला की लंडनकडच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "बागेत पिल्लू पडलंय, काय करू?" आम्ही ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहतो, म्हणून असे प्रश्न आमच्याकडे येतात. विचारणाऱ्याचा जीव खरोखर तुटत असतो. बहुतेक वेळा नुकसानही याच मायेपोटी होतं.

पिल्लू जमिनीवर दिसलं म्हणजे ते पडलंच असं नाही. ब्लॅकबर्डची पिल्लं साधारण दोन आठवड्यांची झाली की धड उडता येत नसतानाच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपाखाली काढतात. आईबाप चोचीत गांडूळ धरून जवळच असतात, तुम्ही कधी हलताय याची वाट बघत. आधी पिसं बघा. अंगभर पिसं असतील आणि पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर तिथेच राहू द्या. रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेत असेल तर उचलून शेजारच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण पक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही. पिसं न आलेलं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. घरटं दिसत असेल तर त्यात परत ठेवा, नाहीतर जवळच्या वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा. पाकोळीचं वेगळं आहे. इथली स्विफ्ट जमिनीवर सापडली तर ती अडचणीत आहे असंच समजा. खोक्यात ठेवा आणि लगेच मदत मागा.

सशाच्या पिल्लाबाबत माझ्याही हातून चूक होता होता राहिली. शेताच्या कडेला गवतात ओंजळीएवढं पिल्लू, कान पाठीला चिकटवलेले, डोळे टक्क उघडे, अंगाची जराही हालचाल नाही. मी वाकले तेवढ्यात शेजारच्या शेतावरच्या आजींनी थांबवलं. रानसशाची मादी पिल्लांना दिवसभर असंच एकटं ठेवते आणि अंधार पडू लागला की एकदा येऊन दूध पाजते. मी ते घरी आणलं असतं, तर ती रिकाम्या जागी येऊन परत गेली असती.

आता हेजहॉग. हा आपला साळिंदर नव्हे. हा त्याच्यापेक्षा खूपच लहान, किडे-गोगलगायी खाणारा वेगळाच प्राणी. त्याच्यासाठी बशीत दूध ठेवणं ही आपल्याकडच्या नागपंचमीच्या दुधासारखीच समजूत. दुधाने त्याला जुलाब होतात, त्यात जीवही जातो. उथळ भांड्यात पाणी ठेवा, खायला मांसाचं कॅटफूड. वाळवलेल्या मीलवर्म अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्या नकोतच. भर दिवसा उन्हात निपचित पडलेला दिसला तर बहुधा आजारी असतो. हातमोजे घालून उंच खोक्यात ठेवा, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली जवळ द्या आणि बचाव केंद्राला कळवा. खाण्यापेक्षाही त्याला फिरायला वाट हवी असते. कुंपणाच्या तळाशी 13 सेंमी लांब-रुंद भोक पाडा आणि शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा. 5 नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या गाय फॉक्स नाइटला, पेटवायच्या शेकोटीसाठी रचलेल्या लाकडांतही तो शिरून बसतो, म्हणून पेटवण्याआधी ढीग हलवून दुसरीकडे रचा.

पक्ष्यांना दाणे ठेवायच्या भांड्याची, म्हणजे फीडरची चूक चटकन लक्षात येत नाही. दाणे रोज भरले जातात, पण धुणं राहून जातं. घाणेरड्या फीडरवरून ट्रायकोमोनोसिस हा पक्ष्यांचा रोग पसरतो आणि त्याने ग्रीनफिंच हे छोटे पक्षी फार मोठ्या प्रमाणात मेले आहेत. आठवड्याला फीडर धुवा, पाणी रोज बदला. पिसं फुगवून, चोच ओली, सुस्त बसलेला पक्षी दिसला तर काही आठवडे दाणे बंदच ठेवा.

खंड्या आपल्या नदीवर दिसतो तोच इथेही दिसतो, म्हणून जास्तच जवळ जावंसं वाटतं. पण 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार खंड्या किंवा गव्हाणी घुबड यांना घरट्याजवळ त्रास देणं गुन्हा आहे. खंड्या चोचीत मासा धरून फांदीवर खोळंबला असेल, तर तुम्ही त्याच्या बिळासमोर उभे आहात. मुकाट्याने मागे सरका. फोटो टाकताना जागेचं नाव देऊ नका.

चंडोल जमिनीवरच घरटं करतो, म्हणून 1 मार्च ते 31 जुलै या काळात मोकळ्या माळांवर कुत्रा 2 मीटरच्या आत दोरीला बांधलेला हवा. कायदाच आहे तसा. मार्च ते ऑगस्ट बागेतली हेज, म्हणजे झुडपांचं कुंपणही छाटू नका. आत घरटी असतात.

जानेवारीअखेर बिग गार्डन बर्डवॉच असतो. 1979 पासून चालू असलेली ही मोजणी आहे. एक तास बागेत बसायचं आणि पक्षी मोजायचे. त्यात नवखे लोक दर फेरीची बेरीज करतात. नोंदवायचं ते एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी. एकच रॉबिन पाच वेळा आला तरी आकडा एकच.