पहिलीत घालायचंय? मग या क्रमाने जा

आधी वय मोजा. महाराष्ट्रात पहिलीसाठी मूल ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचं व्हावं लागतं. केंद्रीय विद्यालयात हीच तारीख ३१ मार्च आहे.

मग घराजवळच्या शाळा लिहून काढा. झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवणही. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी बेताची. उरल्या विनाअनुदानित. बोर्डाचं फार डोक्यात घेऊ नका. फिरतीची नोकरी असेल तर सीबीएसई बरी पडते, एरवी पहिलीच्या पोराला काय फरक पडतो?

शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभे राहा. बाहेर पडणाऱ्या पोरांच्या आयांशी बोला, जमलं तर दुसरीतली एखादी वही चाळा. सगळ्यांच्या वहीत तोच निबंध, तेच शब्द दिसले, तर काय ते समजा. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांकही (सरकारने शाळेला दिलेला नोंदणी क्रमांक) विचारून घ्या.

विनाअनुदानित शाळा हवी, पण फी झेपत नाही? २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने तिथे २५ टक्के जागा राखीव आहेत (अल्पसंख्याक शाळा सोडून). वंचित गटाला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं, आणि तो दाखला तहसीलमधून आणायचा म्हणजे फॉर्म सुटायच्या आधीच कामाला लागा. जन्मदाखला नि रहिवासी पुरावाही हाताशी ठेवा.

ऑनलाइन अर्जात सगळ्यात जास्त गडबड होते ती नकाशावर. त्यातला बलून (जागा दाखवणारी खूण) नेमका आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो, कारण शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य मिळतं. आमच्या शेजाऱ्यांनी तो घाईत मागच्या चाळीवर ठेवला. पडताळणीत पत्ता जुळेना. बलून मोजक्याच वेळा हलवता येतो, तेव्हा मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बसून करा. शाळा दहापर्यंत निवडता येतात. पुढे लॉटरी. नंबर लागल्याच्या मेसेजची वाट बघत बसू नका, पोर्टल स्वतः उघडा. कागद पडताळायची मुदत गेली की जागा गेली.

ही सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते. गावाकडे असाल तर पाचवीत नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची परीक्षा द्यायला लावा. निवड झाली तर सहावीपासून राहणं-जेवण तिथेच.